पूर्णवेळ हजर असल्याचा दाखला

पीएच.डी. करणाऱ्या मुलांना दरमहा पैसे मिळू शकतात, हे आमच्या सोलापुरात अजूनही पुष्कळ घरांत खरं वाटत नाही. आणि ज्यांना ते खरं वाटतं, त्यांची समजूत असते की ते वेळेवर मिळतात. या दोन समजुतींच्या मधे एक टेबल होतं आणि नोकरीची शेवटची नऊ वर्षं त्या टेबलामागे मी बसले.

मी एका जुन्या कॉलेजात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. मधल्या वर्षांत सांगण्यासारखं फारसं काही नाही. कॉलेजात संशोधन केंद्र सुरू झालं तेव्हा त्याचं टेबल घ्यायला कोणी तयार नव्हतं. प्रवेशाच्या टेबलावर माणसं येतात, ओळखी होतात. संशोधनाच्या टेबलावर नुसते कागद. म्हणून ते माझ्याकडे आलं. जिन्याशेजारची एक ओल आलेली खोली, तीन कपाटं आणि बाहेर एक सूचनाफलक.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. शाळेत मिळते ती शिष्यवृत्ती. संशोधन करणाऱ्याला मिळते ती अधिछात्रवृत्ती, म्हणजे सगळे म्हणतात ती फेलोशिप. मोठी परीक्षा पास झालेल्यांना ती मिळते, पण आमच्याकडे असे थोडे. बाकीच्यांनी वेगवेगळ्या संस्थांच्या जाहिरातींची वाट बघायची. जाहिरात कधी येईल याचा नेम नाही, पण आली की मुदत दोन आठवड्यांची. मी रोज सकाळी आल्याबरोबर सगळ्या वेबसाइट बघायची, वर्तमानपत्रं चाळायची, मिळेल ते फलकावर लावायची आणि ज्याला उपयोगी त्याला फोन करायची. हे माझ्या कामाच्या यादीत नव्हतं. म्हणूनच मला त्याचा अभिमान होता.

फेलोशिप मिळाली की अटी सुरू. संशोधन पूर्णवेळ करायचं. दुसरीकडे कुठेही नोकरी करायची नाही, तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल. आणि हप्ता मागताना प्रत्येक महिन्यासाठी विद्यार्थी पूर्णवेळ हजर होता असा कॉलेजचा दाखला. तो दाखला मी तयार करायची, मार्गदर्शक सर सही करायचे, प्राचार्य सही करायचे. कागद नीट असले की पैसे येतात, असं मी मुलांना सांगत असे. माझा त्यावर विश्वास होता.

कधी कधी गमतीही व्हायच्या. शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकर घरातला श्रीनिवास नावाचा मुलगा गणितात संशोधन करत होता. त्याचा विषय मला शेवटपर्यंत कळला नाही. त्याला मी एका समाजाच्या ट्रस्टकडे पाठवलं. तिथल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, "याचा उपयोग काय?" हा म्हणाला, "माहीत नाही." आणि हात हलवत परत आला. पुढच्या वर्षी मी त्याला पढवून पाठवलं, "संगणकाला उपयोग होतो म्हण." तो तसं म्हणाला आणि त्याला वर्षभराची मदत मिळाली. पेढे द्यायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला खोटं बोलायला शिकवलंत." आम्ही दोघंही हसलो. ते हसणं मला पुढे फार आठवलं.

करुणा बनसोडे पहिल्यांदा आली ती वडिलांना घेऊन. सोलापूरजवळच्या मंद्रूप गावची मुलगी. वडील गवंडी, आई अंगणवाडीत मदतनीस. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, आमच्या माने सरांकडे पीएच.डी.ला नुकतीच नोंदणी झालेली. मी वडिलांना बसायला सांगितलं, पण ते माझ्या पाठीमागच्या भिंतीकडेच बघत राहिले.

"मॅडम, ह्या भिंतीत वरनं पाणी मुरतंय. गिलावा कितीबी करा, टिकायचा न्हाय."

"ते आमच्या हातात नाही हो."

"व्हय, ते बी खरं हाय." मग ते टेकले. "पोरगी म्हनती, हितं शिकायचा पगार मिळतो. खरं हाय का मला गप करायला सांगतिया?"

"पगार नाही, फेलोशिप. मिळाली तर."

"बघ," ते करुणाकडे वळून म्हणाले, "मॅडम बी 'तर' म्हनत्यात."

करुणा हसली. तिनं घरून चार वर्षं मागून घेतली होती. चार वर्षांत पीएच.डी., मग प्राध्यापकी, मग धाकट्या भावाचं शिक्षण, असं तिचं ठरलेलं होतं. तिचा विषय होता ज्वारीवरची खोडमाशी. कोंब वर आला की पहिल्या महिन्यात ही माशी पानाच्या मागे अंडी घालते, अळी आत शिरते आणि मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांचा गाभा, सुकून जातो. आपल्या भागातल्या कुठल्या वाणावर ती कमी बसते, कधी बसते, का बसते, हे तिला शोधायचं होतं. मला किडे बघवत नाहीत. पण ती सांगायला लागली की मी टेबलावरचं काम बाजूला ठेवून ऐकायची.

दोन महिन्यांनी जाहिरात आली. जात पडताळणी, अधिवास, संशोधन आराखड्याच्या चार प्रती, सगळं आम्ही दोघींनी मुदतीत बसवलं. ती पुण्याला मुलाखत देऊन आली. निवड यादी लागली त्या दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, लिस्टमधी नाव हाय! माझं नाव हाय की!" एरवी माझ्याशी जपून 'आहे' म्हणणारी मुलगी. मी फोन ठेवला आणि आमच्या शिपायाला चहा सांगितला, सगळ्या ऑफिसला.

पहिला हप्ता आला. तिनं भिंगं, काचेच्या कुप्या, चिकट सापळे घेतले. शहरात सात रस्ता चौकाजवळ तीन मुलींच्या खोलीत एक कॉट घेतली. गावातल्या एका शेतकऱ्याकडून बांधाकडेचा छोटा तुकडा मागून घेतला आणि तिथं सहा वाण लावले. पहाटेच्या एसटीनं मंद्रूपला जायची, पानं उलटी करून अंडी मोजायची आणि अकराच्या आत लॅबमध्ये परत. माने सर मला म्हणाले होते, "पुजारी मॅडम, वीस वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नाही."

दुसरा हप्ता आला नाही.

उशीर नेहमीचाच, म्हणून आधी मी मनावर घेतलं नाही. मग पत्र लिहिलं, मग ईमेल, मग फोन. फेलोशिप देणाऱ्या पुण्याच्या कार्यालयातून एकच उत्तर यायचं, प्रक्रियेत आहे. निधी प्रक्रियेत, फाइल प्रक्रियेत, साहेबांची सही प्रक्रियेत. करुणा दर सोमवारी खोलीच्या दारात उभी राहायची आणि माझा चेहरा बघून परत जायची. नंतर नंतर मी सोमवारी मान वर करायचीच टाळायला लागले. असे चौदा महिने गेले. त्यात तिचा दुसरा हंगाम अर्धा वाया गेला. पहिल्या महिन्यात रोज शेतात जायला हवं, तिला एक दिवसाआड जाणंही जमेना. माशी काही निधी येईपर्यंत थांबत नाही.

या चौदा महिन्यांत आम्ही दुसरीकडे शोधलं नाही असं नाही. बँकेतला अधिकारी म्हणाला, फी भरायची असेल तर कर्ज देऊ, जेवायला आणि एसटीला देता येत नाही. मग मी तिला घेऊन नवी पेठेतल्या एका कापड व्यापाऱ्याकडे गेले. साड्यांचं मोठं दुकान, वरच्या मजल्यावर त्यांच्या वडिलांच्या नावाचा ट्रस्ट. शेठ वयस्कर, बोलायला गोड.

"माशी? कुठली माशी?"

"ज्वारीची, काका."

"मग औषध मारायचं की!"

"कुठलं, कधी, किती, आणि मारायलाच पाहिजे का, तेच शोधतेय काका."

त्यांना ते उत्तर फार आवडलं. मांडीवर थाप मारून हसले. मग म्हणाले, "बाळ, आमचा ट्रस्ट दहावी-बारावीच्या वह्या-पुस्तकांना देतो. आणि मुलींच्या लग्नाला देतो. तुझं लग्न ठरलं की ये. नक्की ये." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. आम्ही उठलो तेव्हा पुन्हा म्हणाले, "काम पाहिजे असलं तर खाली दुकानात ये. बोलायला हुशार हायस, गिऱ्हाईक थांबंल."

"नको काका, आम्हाला चालत नाही तसं," करुणा म्हणाली.

जिना उतरताना ती हसत होती. खालच्या पायरीवर आल्यावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी शेजारी उभी राहिले. शेवटी "चल, रिक्षा बघू" म्हटलं.

पुढं दिवाळी होऊन गेल्यावर भाचीच्या लग्नासाठी साडी घ्यायला मी नवी पेठेत गेले, आणि त्याच दुकानात शिरले. समोर गादीवर करुणा बसली होती. दोन बायकांपुढे साड्यांच्या घड्या उलगडत होती. मला बघून तिचा हात थांबला, पण क्षणभरच. त्या बायका उठून गेल्यावर मी तिच्यासमोर बसले.

"किती दिवस?"

"ऑक्टोबरपासून. दुपारी दोन ते आठ. सकाळी लॅबला असते मॅडम, एक दिवस चुकवला नाही. सरांना विचारा."

"करुणा, अट माहीत आहे ना?"

"अट मला पाठ आहे मॅडम. पैसे कुटं हायत ते सांगा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरी सांगू नका. बाबांना वाटतंय हप्ते येऊ लागलेत. आणि कागदावर काही लिहू नका."

मागून मालकाचा मुलगा आला. ती लगेच म्हणाली, "ताई, ही बघा, काठ जरा मोठा आहे." मी ती साडी घेतली. मला ती आवडली नव्हती. तशीच उठले असते तर तिला कोणीतरी बोललं असतं.

जानेवारीत पुण्याचं पत्र आलं. थकलेले सगळे हप्ते सोडत आहोत. प्रत्येक महिन्याचा हजेरीचा दाखला आणि विद्यार्थी अन्यत्र नोकरी करत नसल्याचं प्रमाणपत्र तातडीने पाठवा. चौदा महिने ज्या पत्राची वाट बघितली, ते पत्र. करुणाला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं पत्राची तारीख दोनदा विचारून घेतली. मग ती म्हणाली, "आता पुढचा हंगाम पूर्ण करते बघा मॅडम."

मी दाखले तयार करायला बसले. सप्टेंबरपर्यंतचे झाले. पुढच्या तीन महिन्यांपाशी हात अडला. तीस वर्षांत मी डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीच्या उलट कागद केला नव्हता. आमच्याच ऑफिसातला एक माणूस खोट्या दाखल्यापायी निलंबित झालेला मी पाहिला होता. ती भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तोरा जास्त होता. पुजारी मॅडमचा कागद चोख असतो, असं सगळे म्हणायचे, आणि मलाही ते ऐकायला आवडायचं.

मी माने सरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सरळ 'पूर्णवेळ हजर' लिहा. मुलगी हजर असते. मी रोज बघतो."

"सर, मी तिला दुकानात बघितलंय."

"मग बघितलं नाही असं समजा."

मी समजू शकले नाही. माझा हिशेब सोपा होता. तीन महिन्यांपुरतं खरं लिहायचं. त्या तीन महिन्यांचे पैसे कापले जातील, बाकीचे येतील, आणि पुढे कोणी बोट दाखवू शकणार नाही. तिच्याच भल्याचं आहे, असं मी स्वतःला समजावलं. लिहिलं, "सदर तीन महिन्यांत विद्यार्थिनी सकाळच्या सत्रात उपस्थित होती, दुपारच्या सत्रात अर्धवेळ काम करत असल्याचे समजते." सरांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. प्राचार्यांनी न वाचता केली. मी ते पाकीट स्वतः पोस्टात नेऊन दिलं. करुणाला मी काही विचारलं नाही.

ज्या कार्यालयाला चौदा महिने आमचं एक पत्र वाचायला वेळ झाला नव्हता, त्या कार्यालयानं ती एक ओळ आठ दिवसांत वाचली. उत्तर आलं. अटीचा भंग झाल्यामुळे अधिछात्रवृत्ती रद्द. थकीत काहीही देय नाही. आधी दिलेला हप्ता परत भरावा. एक प्रत कॉलेजला, एक मंद्रूपच्या पत्त्यावर.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील एकटेच आले. हातावर सिमेंट तसंच होतं, कामावरून थेट आले असावेत. या वेळी सांगायच्या आधीच बसले.

"मॅडम, पोरगी साडीच्या दुकानात कामाला हुती, हे मला ह्या पत्रातनं कळलं."

त्यांनी घडी केलेलं पत्र टेबलावर ठेवलं.

"मला एक कळंना. काम केलं म्हनून पैसं परत मागत्यात? काय न करता फिरली असती आन् मागितलं असतं, तर समजलो असतो की."

मी त्यांना अट समजावून सांगितली. पूर्णवेळ म्हणजे काय, अन्यत्र म्हणजे काय. ते शेवटपर्यंत नीट ऐकत होते. मग म्हणाले, "पर पैसं तर आलंच नव्हतं. मग ती पूर्णवेळ कशाच्या जिवावर ऱ्हायची?" ती ओळ कोणी लिहिली, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला आजवर कळलेलं नाही.

मी रजा टाकली आणि करुणाबरोबर सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. त्या कार्यालयात दोन तास बसल्यावर आम्हाला एका टेबलाकडे पाठवलं. तिथला माणूस माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यानं फाइल काढली. मी बोलत राहिले. हप्ते थकले म्हणून काम करावं लागलं, सकाळी ती लॅबमध्येच असते, सरांचं पत्र आणलंय, तिचा एक शोधनिबंधही स्वीकारला गेलाय. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फाइल माझ्याकडे वळवली.

"मॅडम, हे तुमचंच अक्षर ना?"

"हो."

"मग मी काय करू? कॉलेजनंच लेखी दिलंय." आणि जरा थांबून, हळू आवाजात, जसं एक लिपिक दुसऱ्याशी बोलतो तसं म्हणाला, "तुम्ही लिहिलं नसतं, तर आम्ही कुठं दुकानात बघायला येणार होतो?"

करुणा शेजारीच उभी होती.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. कुर्डुवाडी गेल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"मॅडम, तुम्ही खोटं लिहायला पाहिजे होतं, असं मी म्हणत नाही. पण एकदा मला विचारायचं की."

"विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?"

"माहीत नाही. कदाचित म्हणाले असते, ते तीन महिने मागूच नका, सोडून द्या. कदाचित तुमच्या पाया पडले असते. पण कागद माझा होता की मॅडम."

सोलापूर आलं. स्टेशनवर तिनं माझी पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली.

त्यानंतर मी तीन अपिलं लिहिली. तिन्ही प्रक्रियेत गेली. तिसरा हंगाम तिनं घेतलाच नाही. शुल्क न भरल्यामुळे पुढं नोंदणीही गेली. ती रद्द करण्याचं पत्र माझ्याच टेबलावरून गेलं, दुसरं टेबलच नव्हतं. माने सरांच्या लॅबमध्ये तिच्या कुप्या खोक्यात भरून ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर वाणाचं नाव आणि तारीख. सर म्हणतात, दोन हंगामांच्या निरीक्षणांवर काही सिद्ध होत नाही, आणि टाकवतही नाही. करुणा आता एका खाजगी शाळेत विज्ञान शिकवते. हप्त्याची रक्कम तिनं थोडी थोडी करून परत भरली. मी भरते म्हणाले होते. तिनं ऐकून घेतलं, पण होकार दिला नाही. शेवटची रक्कम भरल्यावर तिनं मला मोबाइलवर पावतीचा फोटो पाठवला. खाली दोनच शब्द, "मॅडम, माहितीसाठी." आमच्या ऑफिसात प्रत्येक पत्राच्या तळाशी तेच लिहितात. ते कडवटपणानं लिहिलंय की सवयीनं, ते मी पुष्कळदा तपासायचा प्रयत्न केला. मी 'पोहोचलं' असं उत्तर दिलं.

निवृत्तीला आठवडा राहिला असताना एक नवीन मुलगी दारात आली. अक्कलकोटकडची, बोलण्यात कानडी हेल. नुकतीच एम.ए. झालेली, वही छातीशी धरलेली. "मॅडम, पीएच.डी.ला फेलोशिप असते म्हणे. तुम्ही सांगता, असं मुली म्हणाल्या."

फलकावर एक ताजी जाहिरात होती. मीच सकाळी लावली होती. मुदत दहा दिवसांची.

"घरी कोण कमावतं?" मी विचारलं.

"आई. शिवणकाम करते."

"फेलोशिप दीड वर्ष आली नाही, तर चालेल?"

ती गोंधळली. मग उत्साहानं म्हणाली, "पण मॅडम, माझा विषय तयार आहे. मी सांगू? मी..."

मी हात वर करून तिला थांबवलं. म्हटलं, "बी.एड. कर. नोकरी लवकर लागेल."

ती वाद घालेल असं मला वाटलं होतं, नव्हे, मी त्याची वाटच बघत होते. तिनं फक्त मान हलवली, "बरं मॅडम, थँक्यू" म्हणाली आणि जिना उतरून गेली. फलकाकडे तिनं बघितलंही नाही. मी तिला वाचवलं की करुणाशी केलं तेच पुन्हा केलं, मला सांगता येत नाही. तिचा विषय काय होता, तेवढंही मी ऐकून घेतलं नाही.